ॲज बिझी ॲज दादर

परवा दुपारी दादरच्या पुलावर माझ्या पुढे एक मुलगी चालली होती, फोन कानाला. ‘अँड आय वॉज लाइक... अँड ही वॉज लाइक...’ गर्दी अशी की तिला ओलांडून पुढे जाता येईना, तेव्हा ऐकणं भाग होतं. ती लाइक होती, तो लाइक होता, त्याची आई तर टोटली लाइक होती. कशासारखी, ते काही येईना. कोणी उपमा द्यायला लागलं की ती पूर्ण कधी होते याची मी वाट बघत बसतो. ती फुलबाजाराच्या बाजूला उतरून गेली आणि त्या आईचं काय ते शेवटपर्यंत कळलं नाही.

ही खोड शाळेतली. आमच्या वेळी मराठी शाळेत इंग्रजी पाचवीला सुरू व्हायचं, त्यामुळे आठवी-नववीत बाईंना घाई झालेली असायची. व्याकरणाच्या गाइडात एक पान होतं, सगळं ‘ॲज’ने भरलेलं. ॲज स्ट्राँग ॲज ॲन ऑक्स. ॲज स्टबर्न ॲज अ म्यूल. ॲज जेंटल ॲज अ लँब. परळच्या चाळीत कॉमन गॅलरीत येरझाऱ्या घालत आम्ही ते पान घोकायचो. अख्खं पान म्हणजे कुठल्या तरी विलायती शेतकऱ्याचा गोठा. खेचर आमच्यापैकी कोणी पाहिलेलं नव्हतं. कोकरू पाहिलं होतं, पण मटणवाल्याकडे उलटं टांगलेलं, आणि त्या अवस्थेत कोणीही गरीबच दिसणार. ‘ॲज व्हाइट ॲज स्नो’ला आमचा बर्फ म्हणजे गोळेवाल्याच्या गोणपाटातली लादी. ती काही पांढरीशुभ्र नसते.

सगळ्यात अडलो ते ‘ॲज पुअर ॲज अ चर्च माउस’पाशी. चर्चमध्ये स्वयंपाकघर नसतं, सांडलंलवंडलं मिळत नाही, म्हणून तिथला उंदीर उपाशी, असा त्याचा हिशेब. पण लालबाग-परळच्या पोराला देवाघरचा उंदीर गरीब आहे हे पटवणार कसं? आमचा उंदीर दरवर्षी दहा दिवस मोदकाच्या ताटाशी बसलेला. प्रभादेवीला सिद्धिविनायकाच्या देवळात तर तो चांदीचा आहे, आणि त्याच्या कानात मागणं सांगायला माणसं रांग लावतात. शेजारचा एक मित्र म्हणाला, अरे, तो गरीब असेल तर आपण कोण? बाईंना विचारायची आमची छाती झाली नाही. पाठ केलं, मार्क घेतले.

त्याच मित्राने पुढे परीक्षेत कहर केला. गाळलेली जागा होती, ‘ॲज बिझी ॲज...’, उत्तर ‘अ बी’. त्याने लिहिलं, दादर. बाईंनी लाल गोल काढून शून्य दिलं. माझ्या मते तो मार्क त्याला आजही मिळायला हवा. मधमाशीची लगबग आम्ही फक्त वाचली होती, दादरला मात्र रोज धक्के खाल्ले होते.

इंग्रजांना स्वतःला या उपमा दिसतात का, असं मला पुष्कळदा वाटतं. ‘कूल ॲज अ क्युकंबर’ म्हणताना कोणाच्या डोळ्यांपुढे काकडी येत असेल? जॉन गे नावाच्या कवीने 1732 साली एका कवितेत ती वापरली, तेव्हा निदान गंमत म्हणून तरी आली असेल. आता ऑफिसच्या मेलमध्ये बॉसबद्दल लिहितात आणि पुढे जातात. मला मात्र दर वेळी स्टेशनबाहेरचा काकडीवाला दिसतो. उभी चिरलेली, मीठ-तिखट लावलेली काकडी. वाचल्यावर बॉसही मला तसाच चिरलेला दिसतो.

डिकन्सला माझीच खोड होती, याचा मला कोण आनंद झाला होता. 1843च्या ‘अ ख्रिसमस कॅरल’मध्ये तो सुरुवातीलाच सांगतो की मार्ली नावाचा माणूस दारावरच्या खिळ्यासारखा ठार मेलेला होता, आणि लगेच थबकतो. दाराच्या खिळ्यात एवढं मेलेलं काय आहे? त्यापेक्षा शवपेटीचा खिळा अधिक मेलेला नाही का? मग म्हणतो, पूर्वजांचं शहाणपण आहे, मी कोण बदलणार. मीही असंच म्हणून गप्प बसतो. ठोकून पलीकडे वाकवलेला खिळा पुन्हा कामाला येत नाही, म्हणून तो ‘मेलेला’, असं एक स्पष्टीकरण देतात. आमच्या चाळीत तसले खिळेसुद्धा सरळ करून वापरायचे, ते सोडा.

घरात उपमेला जनावरं लागत नसत, नातेवाईक पुरायचे. भाईमामासारखा पसरू नकोस. आत्यासारखं नाकात बोलू नकोस. कोकणातल्या कुठल्याशा चुलत्याचा राग, कोणाचं तरी हावरटपणे जेवणं, सगळं आजीच्या तोंडी तयार. यातल्या निम्म्या माणसांना मी कधी पाहिलं नाही, पण त्यांचे गुण मला तोंडपाठ होते. सर्वांत जास्त वापर आजोबांचा. आजी नाव घ्यायची नाही, म्हणून ‘ह्यांच्यासारखा’. चहा बशीत ओतला की ह्यांच्यासारखा. चप्पल घासत चाललो की ह्यांच्यासारखा. आजोबा माझ्या जन्माआधीच गेलेले. गिरणीत होते, कार्डिंग खात्यात, म्हणजे कापूस विंचरतात तिथे. फोटो एकच, ओळखपत्रावरचा, मोठा करून घेतलेला. त्यात ते ना चहा पिताहेत ना चालताहेत, त्यामुळे आजी म्हणते ते खरं की खोटं, ताडून बघायची सोय नव्हती.

त्या गाइडच्या पानावर ‘ॲज मॅड ॲज अ हॅटर’ही होतं. टोपीवाला वेडा का, हे कोणी सांगितलं नाही. फार पुढे वाचलं. फेल्टच्या टोप्यांसाठी सशाच्या केसांवर पाऱ्याचं द्रावण लावायचे, कारागीर ती वाफ वर्षानुवर्षं हुंगायचे, मग हात थरथरायचे, चिडचिड, भ्रम. अमेरिकेत डॅनबरी नावाचं टोप्यांचं गाव होतं, तिथे या थरथरीला ‘डॅनबरी शेक्स’च म्हणत. म्हण त्यातूनच निघाली का यावर पंडित भांडतात, पण पारा खरा होता. आणि आम्ही ते गॅलरीत हसत-हसत घोकत होतो.

पावसाळ्यात मला खोकला झाला की आजी हातातलं काम टाकून ऐकायची. म्हणायची, ‘खोकतोय बघ, ह्यांच्यासारखा. सोमवारचा.’ सोमवारचा म्हणजे काय, हे मी विचारलं नाही. मोठी माणसं बोलतात त्यातलं एक, इतकंच वाटायचं.

कापसाच्या धुळीने होणाऱ्या फुप्फुसाच्या आजाराला बिसिनोसिस म्हणतात. कापूस मोकळा करतात ती ब्लो रूम आणि कार्डिंग, यांत धूळ सर्वांत जास्त. सुट्टीनंतर कामाच्या पहिल्या दिवशी छाती आवळते, दम लागतो. सुरुवातीला आठवडा सरता-सरता बरं वाटायला लागतं, पुढे तेही थांबतं. इंग्रजीत त्याला ‘मंडे फीवर’ असं नाव आहे. आजीला हे कोणी सांगितलेलं नव्हतं. दहा बाय बाराच्या खोलीत रात्री शेजारी झोपून तिने वार ओळखले होते. गिरणीच्या दवाखान्याचा एक कागद अजून आमच्या ट्रंकेत आहे, त्यावर नुसतं ‘खोकला’ लिहिलंय.