पुस्तक मिटून केलेला सीईटीचा अभ्यास

यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या गावाहून तालुक्याच्या कॉलेजात जायचं म्हणजे एसटीची वाट पाहण्यातच अर्धा दिवस जातो. त्यात बारावीचं वर्ष आणि कापसाची वेचणी एकाच वेळी येते. शहरातल्या पोरींइतका वेळ मला मिळणार नव्हता, हे उघड होतं. म्हणून जो वेळ हातात आहे त्यात सीईटीचा, म्हणजे अभियांत्रिकीच्या प्रवेश परीक्षेचा, अभ्यास कसा करायचा, हे मी आधी शोधलं.

ताई तेव्हा बी.एड. करत होती. तिच्या नोट्समध्ये एबिंगहाउस नावाचा जर्मन मानसशास्त्रज्ञ होता. पाठ केलेलं किती लवकर विसरतं हे त्यानं स्वतःवरच प्रयोग करून १८८५ मध्ये मांडलं. पण मला खरं पटलं ते रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांच्या २००६ च्या प्रयोगानं. काही विद्यार्थ्यांनी उतारा पुन्हा पुन्हा वाचला, काहींनी वाचून झाल्यावर न बघता आठवेल ते लिहिलं. पाच मिनिटांनी विचारलं तेव्हा वाचणारे पुढे होते. आठवड्यानं विचारलं तेव्हा लिहिणारे पुढे गेले. सीईटी तर महिन्यांनी असते!

मग मी धडा एकदा नीट वाचून पुस्तक मिटायची आणि कोऱ्या कागदावर आठवेल ते लिहायची. सुरुवातीला कागद निम्माही भरत नाही, जीव कासावीस होतो. तरी लगेच पुस्तक उघडायचं नाही. आठवायला जो जोर लागतो, त्यानंच ते पक्कं होतं.

वावरातही हेच चालायचं. कमरेला ओटी बांधून कापूस वेचताना एका तासाला रसायनशास्त्रातली एक अभिक्रिया. कॅनिझारो अभिक्रिया कोणत्या अल्डिहाइडची? ज्यात अल्फा हायड्रोजन नाही त्याची. उदाहरण? फॉर्माल्डिहाइड, बेंझाल्डिहाइड. मिळतं काय? अल्कोहोल आणि आम्लाचा क्षार. आई विचारायची, "काय पुटपुटून राहिली वं?" मग मी तिलाच समजावून सांगायची. सांगताना जिथे अडायची, तेवढंच रात्री पुस्तकात बघायची.

सूत्रांच्या चिठ्ठ्या बियाण्याच्या तीन रिकाम्या पिशव्यांत ठेवल्या होत्या: रोजची, तीन दिवसांनी बघायची, आठवड्यानं बघायची. बरोबर आलं की चिठ्ठी पुढच्या पिशवीत, चुकलं की परत रोजच्या पिशवीत. त्यामुळे येतं तेच घोकत बसण्यात वेळ जात नाही.

गणिताला मात्र निराळी युक्ती लागली. पुस्तकात एका प्रकरणाखाली एकाच रीतीची गणितं असतात, त्यामुळे कोणती रीत लावायची हे ठरवावंच लागत नाही. परीक्षेत नेमकं तेच ठरवायचं असतं. रोरर आणि टेलर या संशोधकांच्या २००७ च्या प्रयोगात सरमिसळ करून सोडवणाऱ्यांची सरावात जास्त गणितं चुकली, पण आठवड्यानंतरच्या चाचणीत त्यांना ६३ टक्के आणि एकेक प्रकार उरकणाऱ्यांना २० टक्के मिळाले. मी इंटिग्रेशन, व्हेक्टर, प्रोबॅबिलिटी अशी मिसळून गणितं काढायची, सोबत अकरावीचीही दोन-तीन, कारण २० टक्के प्रश्न अकरावीवर असतात.

शेवटच्या महिन्यात मोबाइलवर घड्याळ लावून ९० मिनिटांत गणिताचे ५० प्रश्न सोडवायचे. निगेटिव्ह मार्किंग नाही, म्हणून एकही प्रश्न कोरा सोडायचा नाही.

अमरावतीच्या शासकीय अभियांत्रिकीत सिव्हिलला नंबर लागला. धाकट्या भावानं माझ्या चिठ्ठ्या मागितल्या, पण मी दिल्या नाहीत. त्याला कोरे कागद कापून दिले; त्याच्या चिठ्ठ्या त्यानंच लिहायला हव्यात.