टाउन्सव्हिलचा उकाडा आणि आमचा कूलर

मी जुळे सोलापुरातून घरूनच काम करतो, ऑस्ट्रेलियातल्या एका होमब्रू दुकानाचा चॅट सपोर्ट, म्हणजे घरी बिअर बनवणाऱ्यांना किट, यीस्ट वगैरे विकणारं दुकान. ब्रिस्बेनला नऊ वाजले की आपल्याकडे पहाटेचे साडेचार. मी स्वतः पीत नाही, आणि घरी "कस्टमर केअर" एवढंच सांगितलंय.

जानेवारीत इकडं गड्डा यात्रेची गर्दी चालू होती, तिकडं भर उन्हाळा. टाउन्सव्हिलचा एक जण आला, भाड्याचं घर, एसी फक्त बेडरूमला, उन्हाळ्यात प्यायला हलकी बिअर पाहिजे म्हणे आणि कार्टमध्ये लागरचं (थंडीत आंबवायची, स्वच्छ चवीची बिअर) किट आधीच टाकून बसलेला. मी विचारलं अल्कोहोल कमी पाहिजे का नुसती चव हलकी, तर म्हणाला चवच, चार-साडेचार टक्के चालेल. मग किट सोपं होतं, फिकट माल्टचा (मोड आणलेल्या धान्याचा घट्ट पाक) १.७ किलोचा डबा, एक किलो डेक्स्ट्रोज म्हणजे एक प्रकारची साखर, आणि पाणी घालून सगळं मिळून २३ लिटर. यीस्ट हे डेक्स्ट्रोज जवळपास पूर्ण खाऊन टाकतं म्हणून बिअर जड लागत नाही. काही जण साखरच घालत नाहीत, अल्कोहोल दोन-सव्वादोनवर येतं खरं पण ती बिअर पाणचट लागते.

खरी अडचण यीस्टची. अस्सल लागर यीस्टला १० ते १४ डिग्री लागतात, याच्या गॅरेजमध्ये ३२. डब्यासोबत येणारं साधं यीस्टही एवढ्या उकाड्यात केळ्यासारखा वास सोडतं. तो म्हणाला बिअरच्या भांड्याला ओला टॉवेल गुंडाळून फॅन लावतो की, आणि आमच्या स्क्रिप्टमध्येही (तयार उत्तरं) नेमकं तेच लिहिलेलं.

मी टाईप करता करता थांबलो. मे महिन्यात ४३ डिग्रीला आमचा कूलर झकास चालतो, पण पावसाळा लागला की तोच कूलर नुसती चिकचिक करतो, हवेतच पाणी भरलेलं असल्यावर ओल्या कापडातलं उडणार कुठं? टाउन्सव्हिल समुद्राकाठी, त्यात जानेवारी म्हणजे त्यांचा पावसाळाच. मग त्याने कॉलच मागितला आणि मी बिअर बिअर करतोय ते ऐकून आई आतून ओरडली, "पहाटे पहाटे काय बोलायलास रे हे?"

त्याला सांगितलं डबा फिकटच घे, पण लागर यीस्ट सोड आणि व्हॉस क्वेइक घे, नॉर्वेच्या शेतांवरचं पारंपरिक यीस्ट, ३५ ते ४० डिग्रीत खूश असतं, ३२ ला पण चालतं. थोडा संत्र्याचा वास येईल, लागरसारखी स्वच्छ चव येणार नाही, हे पण सांगून टाकलं. तो लगेच शनिवारी बाटल्या भरायच्या म्हणायला लागला. म्हटलं हायड्रोमीटरचं (साखर किती उरली ते दाखवणारी नळी) रीडिंग दोन दिवस सारखं आल्याशिवाय झाकण लावू नको, आत साखर उरली तर काचेची बाटली फुटते. आणि फेस यायला बाटलीत घालायची साखर ७५० मिलीला ६ ग्रॅमच.

जाता जाता विचारतो, तुमच्याकडे एवढं ऊन, तुम्ही काय बनवता? म्हटलं इथं विनापरवाना घरी बनवलं तर १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली केस होते बाबा.

नंतर सुपरवायझर म्हणाला, टेम्परेचर कंट्रोलर का नाही विकलास? तो फ्रिजला लावायचा असतो, आणि त्या माणसाकडे दुसरा फ्रिज ठेवायला जागाच नव्हती. स्क्रिप्टमधली टॉवेलची ओळ अजून तशीच आहे, किनाऱ्याकडचा कस्टमर आला की मी ती पेस्टच करत नाही.