दिवस भरत आले की

36 आठवडे पूर्ण झाले की जो तो म्हणतो, 'आता काय, झालंच!' झालंच काही नसतं. आधीचे आठ महिने भुर्रकन गेले आणि आता एकेक दिवस सरता सरत नाही. माझी ही दुसरी खेप. रात्रीची झोप तशीही उडालेलीच आहे, तर उशीला टेकून बसल्या बसल्या लिहून काढते.

आधी त्या तारखेचं बघू. फाइलवर मोठ्या अक्षरात लिहिलेली तारीख म्हणजे शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून 280 दिवस. पाळीच्या तारखेत 7 दिवस मिळवा आणि 9 महिने पुढे जा, झाला हिशोब. नेगेले नावाच्या जर्मन डॉक्टरांच्या नावाने तो ओळखला जातो आणि एकोणिसाव्या शतकापासून चालत आलाय. त्यात सगळ्यांची पाळी 28 दिवसांची धरलेली असते. सुरुवातीच्या सोनोग्राफीवरून तारीख थोडी मागेपुढे करतात खरी, पण तरीही नेमक्या त्याच दिवशी जन्मणारी बाळं शंभरात जेमतेम चार-पाच. म्हणून या वेळी मी तारीख कुणाला सांगितलीच नाही. 'महिनाअखेरीला' एवढंच. सासूबाई म्हणाल्या, "अगं पण नक्की कधी?" म्हटलं, "आई, ते आतल्यालाच विचारा."

पोट खाली उतरलं की श्वास मोकळा होतो, छातीतली जळजळ कमी होते. मात्र बाळाचं डोकं आता मूत्राशयावर बसलेलं असतं, त्यामुळे बाथरूमच्या चकरा वाढतात. पहिल्या वेळी हे कळा सुरू होण्याच्या दोन-तीन आठवडे आधी होऊ शकतं. दुसऱ्या वेळी डोकं पुष्कळदा ऐन कळांमध्येच खाली येतं. माझं अजून वरच आहे, आणि डॉक्टर त्याबद्दल अजिबात चिंतेत नाहीत, त्यामुळे मीही नाही. चालता चालता मधेच जांघेत वीज चमकल्यासारखी सणक जाते, ती डोक्याच्या दाबाने. जागच्या जागी उभं राहायचं, जाते.

कूस बदलणं हे सध्या माझं रात्रीचं मोठं काम आहे. कमरेचे सांधे सैल झालेले असतात. एक पाय आधी आणि दुसरा मागून असं वळलं की पुढच्या हाडात अशी कळ येते की डोळ्यात पाणी. फिजिओथेरपिस्टने शिकवलेली युक्ती अशी: गुडघे वाकवून एकमेकांना घट्ट चिकटवायचे, मधली उशी तशीच पकडायची, आणि खांदे, कंबर, गुडघे असं सगळं एकदमच वळवायचं. उठतानाही आधी कुशीवर, मग पाय खाली, मग हाताने रेटून वर. झोप कुशीवरच घ्यायची, डावी असो की उजवी. जाग आली तेव्हा पाठीवर असलात तर घाबरू नका, नुसतं वळा. पोटरीत गोळा आला तर पायाची बोटं आपल्याकडे ओढायची.

आता खोट्या कळा. ब्रॅक्स्टन हिक्स यांनी 1872 मध्ये यांचं वर्णन करून ठेवलं, म्हणून त्यांचंच नाव. संध्याकाळी, दमल्यावर, पाणी कमी प्यायलं की किंवा लघवी तुंबली की माझं पोट दगड होतं. हात लावला तर सगळीकडून टणक, मग हळूहळू सैल. नवरा लगेच फोनवर वेळ लावून बसतो. मी त्याला सांगते, आधी मला पाणी दे, मग घड्याळ बघ. पाणी प्यायचं, बाथरूमला जाऊन यायचं, बसलेलं असलो तर चालायचं, चालत असलो तर आडवं व्हायचं. विरल्या तर खोट्या. खऱ्या कळा काही केलं तरी थांबत नाहीत. बऱ्याचदा कमरेतून पुढे येतात, दोन कळांमधलं अंतर कमी होत जातं आणि कळ चालू असताना बोलणं तुटतं. पहिलटकरणीला सहसा सांगतात की दर 5 मिनिटांनी एक, मिनिटभर टिकणारी कळ असं तासभर चाललं की निघा. दुसऱ्या वेळी सगळं भराभर होऊ शकतं, तेव्हा कधी निघायचं ते आपल्या डॉक्टरांना आधीच विचारून ठेवा.

चिकट, रक्ताची रेघ असलेला स्राव दिसला तर पिशवीचं तोंड तयार व्हायला लागलंय एवढाच त्याचा अर्थ. कळा काही तासांत येतील किंवा काही दिवसांनी. पाळीसारखं रक्त गेलं तर मात्र थेट दवाखाना. पाणी जाणंही सिनेमात दाखवतात तसं धबाधबा असेलच असं नाही. बहुतेकींना आधी कळा येतात आणि पाणी नंतर जातं, तेही कधी नुसतंच ठिबकतं. पॅड लावा, वेळ आणि रंग बघा, आणि कळा नसल्या तरी फोन करा. हिरवट किंवा तपकिरी दिसलं तर फोन करत बसू नका, निघा.

बाळाच्या हालचालीवर मात्र मला भांडायचंच आहे. 'शेवटी जागा उरत नाही, मग बाळ शांत होतं' हे मला आत्तापर्यंत निदान चार जाणत्या बायकांनी सांगितलंय. हे खरं नाही. लाथांऐवजी रेटणं, सरकणं, पोटावर एका बाजूला टेंगूळ येणं असा प्रकार बदलतो, पण हालचाल कमी व्हायला नको, अगदी कळा सुरू होईपर्यंत. पहिल्या वेळी एका संध्याकाळी मला काहीच जाणवेना. डाव्या कुशीवर पडून मोजायला लागले. दोन तासांत 10 हालचाली व्हायला हव्यात, तेवढ्या होईनात. आम्ही तडक गेलो. नर्सने पोटाला दोन पट्टे बांधले, कागदावर ठोक्यांची रेघ उमटायला लागली आणि थोड्या वेळात महाराज ढुशा द्यायला लागले. मला लाजल्यासारखं झालं. ती म्हणाली, "ताई, उद्या परत वाटलं तर उद्या परत या." हेच मी तुम्हाला सांगते. सकाळपर्यंत थांबायचं नाही, आणि घरच्या मशीनवर ठोके ऐकून समाधान तर मुळीच मानायचं नाही.

तशीच न थांबण्यासारखी आणखी दोन दुखणी. एक, न उतरणारी डोकेदुखी, डोळ्यांपुढे चमकणं, उजव्या बरगडीखाली दुखणं, चेहरा एकाएकी सुजणं: रक्तदाब वाढल्याची ही लक्षणं असू शकतात. पावलांची सूज बहुतेकींना असते, चेहऱ्याची वेगळी. दुसरं, पुरळ नसताना तळहात-तळपायांना खाज, विशेषतः रात्री. क्षुल्लक वाटते, पण यकृताची रक्ततपासणी करावी लागते.

बाकी चीक गळणं, उगाच रडू येणं, मध्यरात्री कपाट आवरायची हुक्की, हे सगळं चालतं. कळा आणायला एरंडेल घ्या म्हणणाऱ्यांना मी हसून मान डोलावते आणि घेत नाही. जुलाबांनी बेजार होऊन कळांना सामोरं जायची मला हौस नाही. 41 आठवडे उलटायला आले तर औषधाने कळा सुरू करण्याबद्दल डॉक्टरच बोलतील.

राहता राहिले 'झालं का?'चे निरोप. ते खातं मी नवऱ्याकडे सोपवलंय. त्याने सगळ्यांना एकच ओळ पाठवली: झालं की कळवू, कळवलं नाही म्हणजे झालेलं नाही. त्यावर त्याच्या आत्याचं उत्तर आलं, "बरं. पण झालं का?"