शक्यता कळल्यानंतरचा प्रश्न

अटलांटा येथील जॉर्जिया टेक या विद्यापीठाने डेटा विश्लेषणाचा ऑनलाइन पदव्युत्तर अभ्यासक्रम २०१७ मध्ये सुरू केला. एकूण ३६ क्रेडिटचा हा अभ्यासक्रम असून त्यांपैकी ६ क्रेडिट एखाद्या संस्थेपुढील खऱ्या प्रश्नावर कराव्या लागणाऱ्या प्रकल्पाची असतात. आरंभीच त्याचे संपूर्ण शुल्क १०,००० डॉलरच्या आत ठेवले गेल्यामुळे, नोकरी न सोडता शिकू पाहणाऱ्या माझ्यासारख्या अनेकांना तो आवाक्यातला वाटला. मी एका सहकारी बँकेच्या कर्ज विभागात काम करते आणि रात्री व सुट्टीच्या दिवशी अभ्यास करते.

या शिक्षणाविषयी विचारणारे बहुतेक जण आधी सॉफ्टवेअरचे विचारतात. आर ही संगणकभाषा शिकवतात की पायथॉन, मशीन लर्निंग (संगणकाला नोंदींवरून शिकवणे) किती असते, पुढे नोकरीत त्याचा उपयोग किती, असे ते प्रश्न असतात. ते गैर नाहीत. पण माझ्या मते या अभ्यासाचा गाभा त्यांत नाही. मॉडेल, म्हणजे जुन्या नोंदींवरून बांधलेले गणिती सूत्र, आपल्याला शक्यता सांगते, निर्णय मात्र माणसाला किंवा संस्थेला घ्यावा लागतो, आणि चुकीच्या निर्णयाची किंमत किती व ती कोणी मोजायची, हे तक्त्याच्या कोणत्याही रकान्यात लिहिलेले नसते.

विश्लेषणाच्या पायाभूत विषयात लॉजिस्टिक रिग्रेशन ही हो-नाही प्रकारच्या घटनेची शक्यता काढणारी पद्धत शिकताना जर्मन कर्जदारांच्या नोंदींचा एक प्रसिद्ध संच हाताळावा लागतो. त्यात १,००० कर्जदार आहेत. प्रत्येकाविषयी खात्यातील शिल्लक, कर्जाची मुदत, कर्जाचे कारण, नोकरीचा काळ, जामीनदार आहे की नाही अशा २० बाबी दिलेल्या असून ७०० कर्जदार चांगले, तर ३०० वाईट ठरवलेले आहेत. सोबत एक अट येते: वाईट कर्जदाराला चांगला समजणे हे चांगल्याला वाईट समजण्यापेक्षा पाचपट नुकसानीचे धरावे.

ही एक अट सगळे गणित फिरवते. सरसकट सर्वांना कर्ज मंजूर केले, तर ७० टक्के उत्तरे बरोबर येतात, पण नुकसान ३०० गुणिले ५ म्हणजे १,५०० एकक होते. सर्वांनाच नकार दिला, तर केवळ ३० टक्के उत्तरे बरोबर येतात आणि नुकसान मात्र ७०० एककांवर थांबते. म्हणजे अचूकतेच्या टक्केवारीवर भरवसा ठेवणारा माणूस दुपटीहून अधिक तोट्याचा मार्ग समाधानाने निवडेल. कोणालाही कर्ज न देणे हा बँकेचा धंदा असू शकत नाही, म्हणून मधली रेषा शोधावी लागते. कर्ज बुडण्याची शक्यता एक षष्ठांश असते, तेथे मंजुरीचे अपेक्षित नुकसान आणि नकाराचे अपेक्षित नुकसान सारखे होते. त्यामुळे ही शक्यता सुमारे १७ टक्क्यांच्या वर गेली की नकार द्यायचा. ज्या अर्जदाराच्या बाबतीत ती ३० टक्के आहे, तो ५० टक्क्यांच्या नेहमीच्या रेषेने सहज मंजूर झाला असता. येथे तो नाकारला जातो, आणि मॉडेलमधला एकही आकडा त्यासाठी बदललेला नसतो.

गृहपाठात तो ५ आयता मिळतो. बँकेत तो कोणी देत नाही. तारण किती आहे, जामीनदार कसा आहे, वसुलीला किती वर्षे आणि किती खर्च लागेल, यांवर एका बाजूचे नुकसान ठरते. दुसऱ्या बाजूला बुडालेले व्याज आणि गमावलेला ग्राहक असतो. पण हा सगळा हिशेब कर्ज देणाऱ्याच्या बाजूने मांडलेला आहे. शिलाई यंत्रासाठी कर्ज मागणाऱ्या आणि नाकारल्यावर सावकाराकडे जाणाऱ्या बाईचे नुकसान एक एकक नसते, आणि ते मोजण्याची जबाबदारी आपल्यावर नाही असे मानणे मला पटत नाही.

या संचाविषयी आणखी एक गोष्ट प्रत्येक विद्यार्थ्याला माहीत असायला हवी. जर्मन संख्याशास्त्रज्ञ उलरिके ग्रोम्पिंग यांनी २०१९ मध्ये दाखवून दिले की, १९७३ ते १९७५ या काळातील या नोंदींमध्ये वाईट कर्जे मुद्दाम मोठ्या प्रमाणात घेतलेली आहेत आणि प्रचलित प्रतीत काही बाबींचे अर्थही चुकीचे नोंदले गेले आहेत. त्यामुळे या संचावरून निघणारी बुडण्याची शक्यता वास्तवाहून फुगलेली असते, आणि त्या फुगलेल्या आकड्याला १७ टक्क्यांची रेषा लावली, तर विनाकारण नकार वाढतात.

नमुना घेण्याच्या पद्धतीतून निर्णय कसा कलंडतो, याचे आपल्या मातीतले उदाहरण पां. वा. सुखात्मे यांच्या कामात सापडते. सातारा जिल्ह्यातील बुध गावात १९११ मध्ये जन्मलेल्या या संख्याशास्त्रज्ञाने पीक कापणी प्रयोगांचा अभ्यास करून १९४६ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात दाखवले की, शेतात कापणीसाठी फार लहान तुकडा आखला तर उत्पादनाचा अंदाज वाढीव येतो, कारण सीमेवरची रोपे आत धरली जातात आणि तुकडा जितका लहान, तितका सीमेचा वाटा मोठा. आज पंतप्रधान पीक विमा योजनेत प्रत्यक्ष उत्पादन आधीच ठरवलेल्या उंबरठा उत्पादनापेक्षा किती कमी आहे, यावरून भरपाई ठरते. तेथे अंदाज थोडा जरी वर सरकला, तरी त्या चुकीची किंमत विमा कंपनी मोजत नाही, शेतकरी मोजतो. शिवाय भरपाई संपूर्ण मंडळाच्या सरासरीवर ठरत असेल, तर कापणीच्या एका तुकड्यातली चूक त्या शेताच्या बांधावर थांबत नाही.

आमच्या बँकेत मॉडेलचा निकाल समोर येण्याआधी कर्ज समितीने प्रत्येक कर्जप्रकारासाठी चुकीच्या मंजुरीचे नुकसान चुकीच्या नकाराच्या किती पट धरायचे, ते प्रमाण लिहून ठेवावे, असा प्रस्ताव मी मांडणार आहे. वाहनकर्जाला आणि दुग्धव्यवसायाच्या कर्जाला एकच प्रमाण लागू पडेल असे मला वाटत नाही, म्हणून दोन्हींच्या वसुलीचे हिशेब वेगवेगळे काढायला घेतले आहेत. दिलेल्या कर्जांचे पुढे काय झाले, हे आमच्या दफ्तरात आहे. नाकारलेल्या अर्जदारांनी पैसे कोठून उभे केले आणि ते फेडले का, याची नोंदच नाही. त्यांच्यातील काही जणांचा नमुना निवडून, त्यांच्या संमतीने चौकशी करण्याची परवानगी मी त्याच प्रस्तावात मागणार आहे.