आमची वाटचाल : मिरजेच्या मांडवापासून न्यू जर्सीच्या प्रॉमपर्यंत

आमचा धंदा सजावटीचा. न्यू जर्सीतल्या एडिसनला गोदाम आहे, आणि वर्षाच्या कमाईतला मोठा वाटा मे आणि जून या दोनच महिन्यांत येतो, कारण त्या दिवसांत आसपासच्या हायस्कुलांचे प्रॉम असतात. मिरजेला फोनवर हे सांगितलं की समोरून हमखास विचारतात, "म्हणजे शाळेचं गॅदरिंग का?" गॅदरिंगशी त्याचा फारसा संबंध नाही. नाटुकली नसतात, बक्षीस समारंभ नसतो, आईवडिलांना आत बोलावत नाहीत. अकरावी-बारावीची मुलं सूट आणि गाऊन घालून एखाद्या बँक्वेट हॉलमध्ये जमतात, जेवतात, नाचतात, आणि फोटो काढतात. फोटो तर इतके, की माझ्या मते हा सगळा समारंभच त्यांच्यासाठी असतो.

माझे वडील मिरजेत मांडवाचं कंत्राट घ्यायचे. वासे, कनाती, झालरी, गाद्या-गिरद्या यांतच मी वाढले. लग्नानंतर न्यू जर्सीला आले ती नवऱ्याच्या नोकरीमुळे, एच-४ या जोडीदाराच्या व्हिसावर. तेव्हा या व्हिसावर पगारी काम करता येत नसे. मग मंडळाच्या गणपतीचं मखर, कोणाच्या मुंजीचं स्टेज, कोणाचं डोहाळजेवण, सगळं हौसेखातर आणि फुकट. २०१५ च्या मे महिन्यात नियम बदलला. ज्यांच्या जोडीदाराचा ग्रीन कार्डसाठीचा आय-१४० हा अर्ज मंजूर झालेला आहे, त्यांना कामाचा परवाना मिळू लागला. तो हातात पडल्यावर आम्ही एलएलसी, म्हणजे स्वतःची कंपनी, नोंदवली. आधी संगीत आणि बारशी केली. मग मंडळातल्याच एका ओळखीच्या घरची मुलगी म्हणाली, "काकू, आमचा प्रॉम कराल का? मी क्लास कौन्सिलमध्ये आहे. आम्हाला फुगेवाला नकोय, पूर्ण थीम करणारं कोणीतरी हवंय."

त्या पहिल्या मीटिंगला शाळा सुटल्यावर एका वर्गात बसलो होतो. समोर कौन्सिलची, म्हणजे वर्गाची प्रतिनिधी असलेली मुलं आणि क्लास ॲडव्हायझर म्हणून नेमलेली एक शिक्षिका. इथे प्रॉमचा बराचसा कारभार मुलंच बघतात. नववीपासून केक विकून, गाड्या धुऊन, टी-शर्ट खपवून ती वर्गाच्या खात्यात पैसे जमवतात. उरलेला खर्च बिडच्या, म्हणजे तिकिटाच्या पैशातून निघतो. हॉल वर्षभर आधी ठरलेला असतो, कधी त्याहूनही आधी. म्हणजे थीमची चर्चा सुरू होते तेव्हा भिंती, छत आणि जमीन पक्की झालेली असते, आणि मुलांच्या मात्र हे ध्यानीमनी नसतं.

म्हणून माझा पहिला प्रश्न कायम एकच असतो : हॉलचा गालिचा कुठल्या रंगाचा आहे? मुलं एकमेकांकडे बघतात. जर्सीच्या बँक्वेट हॉलमध्ये लाल-सोनेरी वेलबुट्टीचे गालिचे, काचेची झुंबरं आणि आरसे हा ठरलेला थाट. अशा ठिकाणी 'समुद्राखाली' ही थीम घेतली आणि सगळीकडे निळे दिवे सोडले, की तो लाल गालिचा काळपट दिसतो आणि खोली अंधारी होते. त्याच हॉलमध्ये जुनं हॉलिवूड, मुखवट्यांची रात्र किंवा १९२० च्या दशकाचा काळा-सोनेरी झगमगाट बराच कमी खर्चात उभा राहतो, कारण निम्मं काम हॉलनेच करून ठेवलेलं असतं. उलट काचेच्या भिंतींचा, राखाडी जमिनीचा नवा हॉल असेल तर समुद्र घ्या, आकाश घ्या, काहीही घ्या. एका वर्गाने व्हॅन गॉगचं 'स्टारी नाइट' निवडलं होतं. ते चित्र १९४१ पासून न्यूयॉर्कच्या मोमा संग्रहालयात आहे. कौन्सिलची मुलं ट्रेनने जाऊन समोर उभी राहून बघून आली, आणि येताना दोनच गोष्टी घेऊन आली : गडद निळा आणि पिवळा. मला तेवढंच हवं होतं. भोवऱ्यांचे पुठ्ठे कापले नाहीत. निळे पडदे, पिवळे दिवे, नाचण्याच्या जागेवर गोबो लावून फिरता उजेड. गोबो म्हणजे दिव्यापुढे बसवायची नक्षीची चकती. चित्र ओळखू आलं.

थीमसाठी मतदान होतं, बहुतेक गूगल फॉर्मवर, आणि ते नावांवर होतं. खरी गडबड तिथेच. 'मंतरलेलं जंगल' या नावाला मत देणाऱ्या एकाच्या डोळ्यांपुढे धुकं असतं, दुसरीच्या परीकथा, तिसऱ्याच्या नुसत्या दिव्यांच्या माळा. आम्ही आता मतदानाआधी प्रत्येक थीमचा एक फोटो-बोर्ड नेतो : रंग, प्रवेशद्वार, टेबल, आणि खाली खर्च. खर्च दिसला की भांडण आपोआप निवतं. पॅरिस दर वर्षी यादीत असतं आणि दर वर्षी माझा चेहरा पडतो, कारण शेवटी पुठ्ठ्याचा आयफेल टॉवर सोडून कोणालाच काही सुचत नाही. पण मुलांनी बहुमताने घेतलं तर करून देते. प्रॉम त्यांचा.

एका बाबतीत मात्र मी आग्रही असते. थीममुळे कोणावर वेगळे कपडे घेण्याची वेळ येऊ नये. गाऊनची खरेदी फेब्रुवारी-मार्चमध्येच उरकलेली असते, टक्सिडो भाड्याने ठरलेले असतात, आणि कित्येक मुली मोठ्या बहिणीचाच गाऊन घालतात. मे महिन्यात 'सगळ्यांनी सोनेरी घाला' असं पत्रक काढणं हा क्रूरपणा आहे. रंग भिंतींना द्यावेत, मुलांना त्यांच्या रंगात येऊ द्यावं.

पैसे कुठे घालायचे याचं आमचं गणितही तिथूनच आलं. मुलं गाडीतून उतरून दारातून आत येतात ते पहिले तीस-चाळीस फूट, आणि फोटोचा कोपरा. थीम जगते ती या दोन जागी. आठ फुटांची फोटोची भिंत पुरत नाही. मैत्रिणींचा घोळका दहा-बारा जणींचा असतो, प्रत्येकीच्या गाऊनचा घेर वेगळाच. आम्ही किमान बारा फुटांची उभी करतो, आणि तिच्यासमोर उबदार पांढरा उजेड ठेवतो, थीम कुठलीही असो. जंगल आहे म्हणून तिथेही हिरवे दिवे लावले तर सगळ्यांचे चेहरे काविळीचे दिसतात, आणि तो फोटो त्यांच्या घरी आयुष्यभर भिंतीवर राहणार असतो. टेबलांवर मी हात आखडता घेते. साठ इंच व्यासाच्या गोल टेबलाला जमिनीपर्यंत सोडायचं तर कापड एकशेवीस इंची लागतं. रंगीत कापडाचं भाडं टेबलांच्या संख्येने गुणलं की बजेट तिथेच संपतं. हॉलची पांढरी कापडं राहू द्यावीत. मुलं जेवायला जेमतेम अर्धा तास बसतात.

फुग्यांबद्दलही तेच. हेलियम महाग झालाय, आणि साधा लॅटेक्सचा फुगा त्यावर एक रात्रच तरंगतो, म्हणजे सगळी फुगवाफुगवी त्याच दुपारी करावी लागते. आम्ही साध्या हवेचे फुगे सांगाड्यावर बांधून कमान करतो. ती आदल्या दिवशी तयार ठेवता येते.

१९७५ साली राष्ट्राध्यक्ष जेराल्ड फोर्ड यांची मुलगी सुझन हिच्या होल्टन-आर्म्स शाळेचा प्रॉम चक्क व्हाइट हाऊसच्या ईस्ट रूममध्ये झाला होता. तिथे सजावटवाल्याला काम तरी काय उरलं असेल, असं मला नेहमी वाटतं. इतर अनेक शाळांत तेव्हा प्रॉम म्हणजे शाळेचीच जिम, आणि मुलांनी छताला बांधलेल्या क्रेप पेपरच्या पट्ट्या. आज अशा पट्ट्या घेऊन हॉलमध्ये गेलात तर दारातूनच परत पाठवतील. पडद्याच्या प्रत्येक कापडाला एनएफपीए ७०१ या आग-चाचणीचं प्रमाणपत्र लागतं, आणि फायर इन्स्पेक्टर ते मागतो. बाहेर जाण्याच्या पाट्या झाकायच्या नाहीत, छताला काही टांगायचं नाही, खरी मेणबत्ती नाही. वाळलेल्या फांद्या आणि गवताच्या पेंढ्यांचं जंगल पिंटरेस्टवर सुंदर दिसतं, पण आम्ही ते घेत नाही. मिरजेत वडील मांडवाच्या कोपऱ्यांत वाळूच्या बादल्या ठेवायचे तेव्हा आम्ही पोरं त्यात पाय घालून खेळायचो आणि ओरडा खायचो. तो ओरडा इथे कामाला आला.

बॉलिवूड थीमचं सांगायलाच हवं. आमच्या मिडलसेक्स काउंटीत, म्हणजे जिल्ह्यात, आपली मुलं इतकी आहेत, की ही मागणी दर एक-दोन वर्षांनी येते आणि लोकांना वाटतं, या बाईंना तर आनंदच होईल. होतो. झेंडू, झरोक्यांच्या कमानी, बांधणीचे पडदे, मोत्यांच्या माळा, सगळं ओक ट्री रोडवरच्या भारतीय दुकानांत मिळतं आणि लाल गालिच्यावर शोभूनही दिसतं. पण एका कमिटीला प्रवेशद्वाराशी गणपतीची मोठी मूर्ती हवी होती, तिच्या शेजारी थंड पेयांचा काउंटर. मी नाही म्हटलं. गंमत अशी, की मूर्तीचा हट्ट धरणारा आपलाच एक मुलगा होता आणि "बरोबर नाही वाटत" म्हणणारी मुलगी इटालियन घरातली. शेवटी मोर ठेवला. 'अरेबियन नाइट्स' आलं तेव्हाही वर्गातल्या मुस्लिम मुलींना आधी विचारा, एवढंच मी सुचवलं. त्यांनी विचारलं आणि थीम बदलली. त्याच सुमारास प्रॉम रमजानमध्ये पडायचे. २०१८ चा रमजान तर मेच्या मध्यापासून जूनच्या मध्यापर्यंत होता, आणि इथे तेव्हा सूर्य मावळतो सव्वाआठच्या सुमारास. हॉलचं जेवण सातला. मग खजुरांचं आणि झाकून ठेवलेल्या ताटांचं एक टेबल कार्यक्रमाच्या आराखड्यातच घातलं, तेही बाकीच्या टेबलांसारखंच सजवून. प्लॅनिंग म्हणजे बहुतेक वेळा असली कामं.

कागदपत्रांचा भाग कंटाळवाणा आहे, पण या धंद्यात येऊ पाहणाऱ्यांना सांगून ठेवते. सरकारी शाळेचं काम करायचं तर डब्ल्यू-९ हा करासाठीचा फॉर्म आणि राज्याचं बिझनेस रजिस्ट्रेशन सर्टिफिकेट लागतं. विम्याचा कागद हॉल मागतो, त्यात हॉलचं नाव घालून. पर्चेस ऑर्डर, म्हणजे शाळेची लेखी ऑर्डर, हातात आल्याशिवाय एक मीटर कापड घेऊ नये. आणि पैसे कार्यक्रम झाल्यावर, शाळांचा कारभार बघणाऱ्या बोर्ड ऑफ एज्युकेशनच्या बैठकीत बिलं मंजूर झाली की मिळतात. जूनचे पैसे ऑगस्टमध्ये आले तर नशीब समजायचं. एका शाळेकडून बिल दोन बैठकांतून राहून गेलं आणि मदतनिसांचे पगार आम्ही घरखर्चातून दिले. बँकेकडून क्रेडिट लाइन घेतली ती त्यानंतर.

२०२० मध्ये सगळंच बंद. घेतलेले ॲडव्हान्स परत केले, ज्या शाळांनी पुढच्या वर्षावर टाकायला सांगितलं त्यांचे टाकले. २०२१ मध्ये बऱ्याच शाळांनी प्रॉम उघड्यावर घ्यायचं ठरवलं, फुटबॉलच्या मैदानावर तंबू घालून. आणि तिथे माझं खरं शिक्षण उपयोगी पडलं. मैदान कृत्रिम गवताचं, त्यात खुंटी ठोकायची सोय नाही. तंबू धरून ठेवायचा तर काँक्रीटचे ठोकळे नाहीतर पाण्याने भरलेले पिंप. वाऱ्यात कनात फुगते कशी आणि कुठली बाजू मोकळी सोडायची हे मिरजेत वळवाच्या पावसात पाहिलेलं होतं. थीमचा प्रश्न त्या वर्षी कोणी फार ताणला नाही. दिव्यांच्या माळा आणि पांढरं कापड, एवढ्यावर सगळ्यांचं एकमत. मुलांनी मास्क गाऊनच्या कापडाचे शिवून घेतले होते. मला त्या वर्षीची सजावट आजवरची सर्वांत चांगली वाटते, आणि नवऱ्याला सर्वांत साधी.

गोदामात आज पडदे तीनच रंगांचे आहेत : मोतिया, काळा आणि गडद निळा. बाकी रंग दिव्यांतून येतात. पुठ्ठ्याच्या वस्तू आम्ही साठवत नाही. सामान उभं करायला कॉलेजची मुलं येतात, त्यांत आमच्याकडूनच प्रॉम करून घेतलेली दोघंतिघं आहेत, आणि ती कौन्सिलच्या मीटिंगमध्ये माझ्यापेक्षा जास्त कडक वागतात. अडचण उरते ती तारखांची. मे-जूनचे शनिवार आपल्या लोकांच्या लग्नांचेही असतात आणि लग्नाचं काम प्रॉमपेक्षा कितीतरी मोठं. पण बरेचसे प्रॉम गुरुवारी-शुक्रवारी असतात, हॉल तेव्हा स्वस्त पडतो. म्हणून शुक्रवारी रात्री बाराला एक हॉल उतरवायचा आणि पहाटे दुसरा चढवायचा, असा आमचा हंगाम जातो. या वर्षी दुसरा ट्रक घेतलाय.