ह्यांचे अनियमित ठोके आणि माझी दोनशे पानी वही

ह्यांना एट्रियल फिब्रिलेशन आहे. म्हणजे हृदयाच्या वरच्या दोन कप्प्यांचं आकुंचन नीट होत नाही, ते नुसते थरथरतात, आणि खालच्या कप्प्यांना कसेही, केव्हाही संदेश जातात. ठोके जलद पडतात, पण खरी ओळख ती नाही. दोन ठोक्यांमधलं अंतर एकसारखं नसतं, ही खरी ओळख. वय ६६, रक्तदाब जुना. ठोक्यांचा त्रास ह्यांना असला तरी नोंदी ठेवणं माझ्याकडे आलं. डॉक्टरांना आपण पाच-दहा मिनिटं दिसतो, उरलेला दिवस वहीत नसेल तर तो त्यांना कळायला मार्ग नाही.

नाडी पूर्ण साठ सेकंद मोजायची. पंधरा सेकंद मोजून चारने गुणलं की आकडा हमखास चुकतो, कारण पुढची पंधरा सेकंदं तशी नसतात. शिवाय काही ठोके इतके कमजोर असतात की ते मनगटापर्यंत पोचतच नाहीत. त्यामुळे माझे ९६ आणि स्टेथोस्कोपने डॉक्टरांचे ११८ असं होऊ शकतं, दोघंही बरोबर असतात. बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरवरचा नाडीचा आकडाही उड्या मारतो. बीपीच्या मशीनवर एका मापावर विसंबायचं नाही. पाच मिनिटं बसवून, मध्ये मिनिटभर थांबून तीन मापं घ्यायची आणि सरासरी लिहायची.

ईसीजीची पट्टी थर्मल कागदाची असते. ती प्लास्टिकच्या कव्हरात घातली की काही महिन्यांत पुसट होते आणि लॅमिनेशनला दिली तर उष्णतेने काळी पडते. हातात आली की लगेच मोबाईलवर फोटो आणि एक झेरॉक्स. धडधड चालू असतानाचा ईसीजी सोन्याच्या मोलाचा. झटका येऊन जाणारा असेल तर दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं सुरळीत झालेलं असतं आणि ‘टेन्शन घेऊ नका’ म्हणून घरी पाठवतात. होल्टर म्हणजे दिवसभर अंगावर लावून ठोके नोंदवणारं यंत्र. ते लावलेल्या दिवशी आंघोळ नाही, पण नेहमीची कामं मात्र करायची. जिना चढल्याची, चक्कर आल्याची वेळ घड्याळ बघून लिहायची. टूडी इकोत, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत, डाव्या कर्णिकेचा (वरच्या डाव्या कप्प्याचा) आकार आणि तिच्या खालची मायट्रल झडप बघतात. थायरॉईडची तपासणी झाली नसेल तर आपण विचारावं, कारण वाढलेल्या थायरॉईडमुळेही हा त्रास सुरू होतो. रात्री घोरता घोरता श्वास अडकत असेल तर तेही सांगायचं. हे घोरणाऱ्याला माहीत नसतं, शेजारी झोपणाऱ्याला असतं.

आता रक्त पातळ करण्याची गोळी. नाव चुकीचं आहे, रक्त पातळ वगैरे होत नाही, गुठळी धरायला वेळ लागतो एवढंच. थरथरणाऱ्या डाव्या कर्णिकेला एक छोटी पिशवी असते, तिथे रक्त साचून गुठळी होते आणि मेंदूत गेली की पक्षाघात. गोळी द्यायची की नाही हे गुणांवर ठरवतात. ६५ ते ७४ वयाला एक, रक्तदाबाला एक, मधुमेहाला एक, पूर्वी पक्षाघात झाला असेल तर दोन, असे. ह्यांचे दोन झाले, म्हणून अपिक्साबान ५ मिलिग्रॅम, सकाळी आठ आणि रात्री आठ. हिचा असर लवकर ओसरतो, म्हणून एखादा डोस राहिला तरी फरक पडतो. राहिलाच तर त्याच दिवशी आठवल्याबरोबर घ्यायचा, पण पुढच्या वेळी दोन एकदम नाहीत. याच कामाची दुसरी गोळी, रिव्हारोक्साबान २० मिलिग्रॅम, ही दिवसातून एकदाच असते, पण ती भरल्या पोटीच नीट शोषली जाते. संकष्टीला चंद्रोदयापर्यंत थांबणाऱ्या माणसाने हे डॉक्टरांना आधीच सांगितलेलं बरं.

लहानपणच्या सांधेतापाने मायट्रल झडप अरुंद झाली असेल तर या नव्या गोळ्या चालत नाहीत. तिथे वॉरफरिन किंवा ॲसिट्रॉम, आणि आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो ते सांगणारा रक्ततपासणीचा आकडा, साधारण २ ते ३. मेथी-पालक बंद करायची गरज नसते, पण या आठवड्यात रोज आणि पुढच्या आठवड्यात अजिबात नाही, असं केलं की आयएनआर हलतो. ही गोळी संध्याकाळी ठेवतात. सकाळी रक्त दिलं की दुपारी रिपोर्ट येतो आणि त्याच रात्रीचा डोस बदलता येतो.

गुडघे दुखले म्हणून मेडिकलमधून डायक्लोफिनॅक किंवा आयब्युप्रोफेन आणायचं नाही, रक्तस्रावाचा धोका वाढतो. पॅरासिटामॉल चालते. सर्दीच्या मिश्र गोळ्यांत नाक मोकळं करणारं जे औषध असतं, त्याने ठोके भडकतात. ठोक्यांचा वेग आवरणारी मेटोप्रोलोल एकाएकी बंद करायची नसते.

विजेचा झटका देऊन लय परत आणायची, म्हणजे कार्डिओव्हर्जन, तर त्याआधी किमान तीन आठवडे गोळी एकही दिवस न चुकता झालेली असावी लागते, नाहीतर अन्ननलिकेतून इको करून गुठळी नाही ना ते बघतात. ‘एकही चुकली नाही ना?’ या प्रश्नाला अंदाजे ‘नाही’ म्हणू नका. वही दाखवा. झटक्यानंतरचे चार आठवडेही तितकेच जोखमीचे, कारण लय सुधारली तरी कर्णिका काही दिवस सुस्तच असते. आम्हाला मिळालेल्या डिस्चार्ज कार्डावर अपिक्साबान दिवसातून एकदाच छापलं होतं. जुन्या यादीशी ताडून पाहिलं म्हणून सापडलं. कार्ड हातात घेऊन नर्सच्या समोरच वाचायचं, रिक्षात नाही.

ॲब्लेशन म्हणजे शिरेतून तार नेऊन हृदयातल्या चुकीचे संदेश देणाऱ्या जागा निकामी करणं. त्याच्या कॅशलेससाठी पॉलिसीतली खोलीभाड्याची मर्यादा आधी बघा. त्यापेक्षा महाग खोली घेतली तर फक्त भाड्यातला फरक भरून सुटका होईलच असं नाही, बऱ्याच पॉलिसींत बाकीचं बिलही त्याच प्रमाणात कापतात. ॲब्लेशन जांघेतल्या शिरेतून करतात, नंतर काही तास पाय सरळ ठेवून झोपायचं. घरी आल्यावर आठवडाभर उकिडवं बसणं, मांडी घालून जेवणं, पाण्याची बादली, सिलिंडर सगळं बंद. भारतीय संडास असेल तर कमोडची खुर्ची आधीच आणून ठेवा. जांघेतून रक्त आलं तर आडवं झोपवून दहा मिनिटं घट्ट दाबायचं, मध्ये उचलून बघायचं नाही. थांबलं नाही किंवा गाठ वाढत गेली तर सरळ दवाखाना.

एक गोष्ट मला कोणी ठळकपणे सांगितली नव्हती. अन्ननलिका डाव्या कर्णिकेच्या अगदी मागे असते, त्यामुळे ॲब्लेशनमध्ये तिला इजा होऊ शकते. पहिल्या दोन महिन्यांत ताप, गिळताना दुखणं, छातीत दुखणं, हातापायात कमजोरी यांतलं काही झालं तर ते घसादुखी म्हणून फॅमिली डॉक्टरांकडे न्यायचं नाही. ॲब्लेशन केलेल्या ठिकाणीच जायचं आणि एंडोस्कोपीला तयार व्हायचं नाही, आधी सीटी स्कॅन. फार क्वचित होतं, पण जीवघेणं असतं. याउलट पहिल्या दोन-तीन महिन्यांत अधूनमधून धडधड परत येणं, हे उपचार फसल्याचं लक्षण नव्हे. आणि लय छान आहे म्हणून अपिक्साबान बंद, असंही नसतं. ती गुणांवर चालते.

वहीच्या पहिल्या पानावर निदान, सगळ्या गोळ्या, किडनीचा शेवटचा रिपोर्ट आणि चोवीस तास सीटी स्कॅन व कॅथलॅब (शिरांतून तार घालून उपचार करायची खोली) असणाऱ्या जवळच्या हॉस्पिटलचा फोन. तोंड वाकडं झालं, हात गळाला, बोलणं अडखळलं तर तिथे दोन गोष्टींची वेळ विचारतात. शेवटचं ठीक कधी होते आणि शेवटची गोळी कधी घेतली. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत देतात आणि ताजी गोळी पोटात असेल तर सहसा देतच नाहीत, तारेने गुठळी काढायचा विचार करतात. म्हणून रोज आठला नुसती खूण न करता गोळी घेतल्याची वेळ लिहिते, ८.०५ तर ८.०५.