मागच्या दाराने

आमचा दादा, म्हणजे माझा थोरला मावसभाऊ, खाण्यापिण्यात कसलंही सोवळं पाळत नाही. सगळं सोवळं त्याने गाण्यांसाठी राखून ठेवलंय. कॅसेटला हात लावायचा तर हात धुऊन. टेपचं हेड दर रविवारी स्पिरिटच्या बोळ्याने पुसायचं. आणि चीप ट्रिक हे त्याचं कुलदैवत. या बँडबद्दलचं त्याचं मत मी शाळेत असल्यापासून ऐकतेय, त्यात काना-मात्रेचा फरक झालेला नाही: "७७ ते ७९. पुढे नुसतं दुकान उघडं होतं."

ज्यांनी ऐकलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. अमेरिकेत इलिनॉय राज्यात रॉकफर्ड नावाचं कारखान्यांचं शहर आहे, तिथली ही चौकडी. तिकडे ब्रिटनमध्ये सत्तरीच्या सुरुवातीला ग्लॅम रॉकची लाट होती. चमचमते कपडे, जाड टाचांचे बूट आणि पाय आपटायला लावणारा ठेका. गिटारवाल्या रिक नीलसनचे कान कायम त्या किनाऱ्याला लागलेले. बर्मिंगहॅमच्या 'द मूव्ह' बँडचं गाणं तर त्यांनी थेट आपल्या अल्बममध्ये घेतलं. वर बीटल्सच्या वळणाची गोड चाल, खाली ग्लॅमचा दणका आणि शब्दांत खोडसाळपणा. याला पॉवर पॉप म्हणतात.

ग्लॅमची चकाकी मात्र त्यांनी निम्मीच घेतली. गायक रॉबिन झँडर आणि बासवाला टॉम पीटरसन दिसायला राजबिंडे, लांब केसांचे. उरलेल्या दोघांपैकी नीलसन चोच वर दुमडलेली टोपी घालून डोळे वटारणारा, वर्गातला वाह्यात मुलगा. आणि ड्रमवाला बन ई. कार्लोस? मिशी, चष्मा, टाय, तोंडात सिगरेट. जिल्हा परिषदेतले हेडक्लार्क चुकून ड्रमवर बसलेत असं वाटावं. १९७७च्या 'इन कलर'च्या कव्हरवर पुढे देखणे दोघं मोठ्या मोटारसायकलींवर, रंगीत. कव्हर उलटलं की उरलेले दोघं मोपेडवर, आणि तेही काळ्या-पांढऱ्यात. स्वतःची एवढी थट्टा करणारा दुसरा बँड मला माहीत नाही. पुढे नीलसनने पाच मानांची गिटार करून घेतली. रावणाला निदान दहांचा काहीतरी उपयोग होता.

१९७८च्या एप्रिलमध्ये ते टोकियोला बुडोकान सभागृहात वाजले. त्याचं ध्वनिमुद्रण फक्त जपानसाठी होतं, पण आयात केलेल्या प्रती अमेरिकेत इतक्या खपायला लागल्या की १९७९मध्ये कंपनीला ते तिथेही काढावं लागलं. जपानी मुलींच्या किंकाळ्यांसकट. दादाच्या देव्हाऱ्यातली ही मुख्य मूर्ती. दुबईहून आलेल्या कुणीतरी आणलेली कॅसेट होती, आणि ती वाजत असताना घरात कुकर लावायला बंदी असे.

यानंतरचं सगळं म्हणजे वाद. 'ऑल शुक अप' हा अल्बम प्रत्यक्ष बीटल्सच्या निर्मात्याने, जॉर्ज मार्टिनने केला, तरी चाहत्यांनी नाकं मुरडली. त्याच १९८० साली पीटरसन बँड सोडून गेला. १९८६च्या 'द डॉक्टर'बद्दल तर चाहते एकमेकांशी बोलताना आवाज खाली आणतात, घरातल्या एखाद्या फसलेल्या लग्नाबद्दल बोलावं तसे. आणि मग १९८८ : 'लॅप ऑफ लक्झरी'.

या अल्बमवर चाहत्यांचा राग वेगळ्या जातीचा आहे. 'द डॉक्टर' पडला म्हणून लोक हळहळतात. हा चालला म्हणून चिडतात. रेकॉर्ड कंपनीला हिट हवा होता, म्हणून बाहेरच्या गीतकारांची गाणी आणली गेली. अल्बममधलं तिसरं गाणं, 'द फ्लेम' हे संथ प्रेमगीत, त्या जुलैत अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं आणि दोन आठवडे तिथे राहिलं. बँडचं हे एकमेव पहिल्या क्रमांकाचं गाणं, आणि त्यात बँडमधल्या कुणाचा शब्द नाही की सूर नाही. "उसन्या दागिन्यांवर मिरवले," इति दादा. जुना बासवाला याच अल्बमसाठी घरी परत आला होता, पण त्याचं श्रेय कुणी देत नाही. लेक माहेरी आली आणि सगळे जेवण अळणी झालं म्हणून भांडत बसले, तसं.

आता खरी गोष्ट सांगते. मी या बँडपाशी त्याच गाण्यावरून आले.

नव्वदच्या दशकात आमच्या गल्लीत एक रेकॉर्डिंगवाला होता. कोरी टीडीके-९० घेऊन जायची, यादी द्यायची, चार दिवसांनी भरलेली कॅसेट मिळायची. माझ्या मैत्रिणीने यादीत फक्त 'इंग्लिश स्लो' एवढंच लिहून दिलं होतं. त्यात हे गाणं आलं, बँडच्या नावाशिवाय. मी ते वर्षभर ऐकलं. झँडर शेवटाकडे आवाज चढवतो तिथे माझ्या पोटात खड्डा पडायचा. हाच माणूस बुडोकानमध्ये ओरडतो हे मला पुढे दादाकडेच कळलं, आणि मी जीभ चावली. त्या घरात ते नाव काढणं म्हणजे श्रावणात सुकटाचा वास. इतकी वर्षं मी "बुडोकान ऐकलं आणि वेड लागलं" असं ठोकून देत आलेय.

तरीही माझं मत आहे की चाहत्यांची खरी परीक्षा १९८८ घेत नाही, १९९७ घेतं. त्या वर्षी त्यांनी नवा अल्बम काढला आणि त्याला नाव दिलं 'चीप ट्रिक'. २० वर्षांपूर्वीच्या पहिल्या अल्बमचंच नाव! कव्हरही तसंच काळं-पांढरं. आपल्याकडे नातवाला आजोबांचं नाव ठेवतात आणि मग आयुष्यभर धाकटा-मोठा करत बसतात, तसा हा प्रकार. चाहतेही त्याला '९७चा' म्हणतात. नातवावर मग तीच वेळ आली: आजोबांचं नाक आहे का, आजोबांचा राग आहे का.

आहे. गिटार पुन्हा खरखरीत, गोड चालीच्या मागे दात दिसतात, कुठेही साखरेचा पाक नाही. चाहत्यांनी एकमुखाने म्हटलं, १९७९च्या 'ड्रीम पोलीस'नंतरचा सर्वांत चांगला. आणि मग काही आठवड्यांतच रेकॉर्ड कंपनीचंच दिवाळं निघालं. अल्बम दुकानांत पोचला न पोचला तोच पोरका. त्यामुळे तो चाहत्यांचा जास्तच लाडका झाला. जो जगाने ऐकला नाही तो आपला, असा एक हिशेब असतो. जगाने डोक्यावर घेतलेलं १९८८चं गाणं परकं, आणि हा कडेवरचा.

हा 'नंतरचा सर्वांत चांगला' शब्दप्रयोग मला फार मजेशीर वाटतो. १९९७ला म्हणाले. 'रॉकफर्ड' आला तेव्हा २००६ला पुन्हा म्हणाले. २००९चा 'द लेटेस्ट' तर त्यांनी एट-ट्रॅक या सत्तरीतल्या जुन्या टेपच्या डबीवरही काढला, जे वाजवायचं यंत्र बहुतेकांच्या माळ्यावरही उरलेलं नव्हतं. त्यालाही म्हणाले. दर वेळी कौतुक नव्याचं आणि मोजपट्टी १९७९ची. मीसुद्धा यातलीच. 'रॉकफर्ड' पहिल्यांदा ऐकला तेव्हा प्रत्येक गाण्याला मी मनात जुन्या गाण्याचं नाव चिकटवत होते. तिसऱ्यांदा ऐकताना, भांडी घासताना, कुठे ते गाणं म्हणून कानावर पडलं.

गेल्या दिवाळीत दादाकडे गेले होते. घराला रंग द्यायचा म्हणून कॅसेटी खोक्यांत भरणं चाललं होतं. तो वरून देत होता, मी खाली लावत होते. बुडोकानची नवीकोरी वाटावी अशी, प्लॅस्टिकच्या पिशवीत. तिच्यामागून एक आली, डबी नाही, कव्हर नाही. 'लॅप ऑफ लक्झरी'. ब बाजूवरची अक्षरं छापल्यासारखी ठळक. अ बाजूवरची बोटांनी घासून घासून पार उडालेली, आणि टेप बरोबर तिसऱ्या गाण्यापाशी थांबलेली.

मी वर पाहिलं. दादा स्टुलावर उभा राहून फार मन लावून फडताळाची धूळ पुसत होता.

"ती कुणाचीतरी राहिलीय," तो म्हणाला.

"माझी असेल," मी म्हटलं, आणि पिशवीत टाकली.